लेम्पीची बंदूक

—नाही नाही, तो डाव्या हाताचा आहे, उजव्यात कसा शिरेल तो? इकडे द्या. हे बघा — उजव्याला अंगठा वेगळा आणि हे एक बोट वेगळं, चाप ओढायचं. बाकीची तीन बोटं आत एकमेकांना धरून ऊब करत बसतात. डाव्याला नुसता अंगठा. डावखुरे नाही ना तुम्ही? मग बरोबर. डावखुऱ्यांचे त्या खोक्यात ठेवते मी, वर्षाकाठी एखादंच गिऱ्हाईक येतं, पण आलं की असं खूश होतं, जसे काही त्याच्या आईनंच विणलेत. घाला, घालून बघा, घालून बघायचे पैसे घेत नाही मी. लोकर आमच्या शेजारच्या मेंढ्यांची आहे, सुरुवातीला टोचते जरा, मग हाताला सवय होते. आणि ती खांद्यावरची उतरवा की. ठेवा इथं टेबलावर, हातमोजे सरकवते मी. ठेवा हो. बंदुकांचा बाजार आहे हा, सगळा हॉल बंदुका घेऊन फिरतोय, तुमचीच कोण चोरणार आहे?

बघू? हात लावला तर राग नाही ना येणार? — चापाखाली ओढायचा दांडा आहे, म्हणजे लिव्हरवालीच आहे. चांगली ठेवलीये, वेळच्या वेळी तेल दिलेलं कळतंय. दस्ता... दस्ता एकसंध आहे. मग नाही. काही नाही हो, माझं आपलं असंच असतं, लिव्हरवाली दिसली की हात जातो. दारात त्यांनी प्लास्टिकची पट्टी बांधलीये ना लिव्हरला? आत येणाऱ्या प्रत्येक बंदुकीला बांधतात, भरलेली कुणी आणू नये म्हणून — बरोबरच आहे त्यांचं, मागं एकानं वर छताला भोक पाडलं होतं, ते बघा, अजून तिथं पत्र्याचं ठिगळ आहे — पण त्या पट्टीपायी लिव्हरचा आवाज ऐकायला मिळत नाही. नाहीतर मला बघायचीसुद्धा गरज पडली नसती. इथं बसल्या बसल्या, पाठ करून सांगितलं असतं मी.

विकायला आणलीत ना? नळीत काडी खोचलीये, काडीला किमतीचा कागद आहे, म्हणून म्हणलं. का विकताय? — राहू द्या, मी कोण विचारणारी. — हं. दुर्बीणवाली घ्यायचीये. घ्या बाबा घ्या, दुर्बिणीतनं लांबचं दिसतं, आमच्या आर्विडला तर त्यातनं सगळं दिसतं, फक्त हरण तेवढं दिसत नाही. आर्विड म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, तो बघा, कॉफीच्या रांगेत उभा आहे, लाल टोपीवाला. तो मला घेऊन येतो गाडीनं. तर मी काय म्हणत होते — एक सांगते, ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर हातमोजे घ्या आणि सुखानं जा. ही विकलीत ना, तर घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. नुसतं नाव. गाव सांगितलं तर गाव. आपल्या इकडे असल्या विक्रीला कागद लागत नाही, कुणी काही विचारत नाही, हातात हात दिला की झालं काम. म्हणून आपण विचारायचं. मी नाही विचारलं. तो बिचारा स्वतःहून म्हणत होता, आजी, माझं नाव लिहून देऊ का तुम्हाला, उद्या मन बदललं तर? मी म्हणलं, काही नको. असं तोऱ्यात म्हणलं, काही नको, घेऊन जा एकदाची. याच मैदानावर, बाहेर, जिथं तुम्ही गाडी लावली असेल. उंच होता, गाडीला विस्कॉन्सिनची पाटी. एवढंच मला ठाऊक आहे. एवढ्यावर कुणी माणूस सापडतो का? विस्कॉन्सिनात काय उंच माणसांची कमी आहे?

नाही, हातमोजे विकायला नाही येत मी. म्हणजे आर्विडला तसंच वाटतं. त्याला वाटतं, मावशीला घर खायला उठतं, चार माणसांत बसली तर बरं. बसू दे त्याला वाटत. मला एका टेबलाची जागा पाहिजे होती, दारासमोरची, येणारी प्रत्येक बंदूक जिथून दिसते. नुसतं बसलं तर लोक वेडी म्हणतील, म्हणून मग विणायला लागले. तेही बघा कसं — चाप ओढायच्या बोटाचेच हातमोजे, म्हणजे गिऱ्हाईक शिकारीच येणार, आणि घालून बघायला दोन्ही हात लागतात, म्हणजे खांद्यावरची बंदूक टेबलावर ठेवावीच लागते. हसा, हसा. तुम्हीही ठेवलीतच की.

माझी कशी होती? दिसायला काही राजेशाही नव्हती. अशीच लिव्हरवाली, तुमच्याहून आखूड, बापाला त्याच्या बापाकडनं मिळालेली. आमचा बाप लोखंडाच्या खाणीत होता, खाली बोगद्याला लाकडी टेकू लावायचं काम करायचा, तेव्हा करवत हातात म्हणजे खेळणं त्याला. आम्ही सगळ्या पोरीच, त्यात मी थोरली. मी म्हणलं, मला जंगलात यायचंय हरणाला. बाप म्हणाला, चल. माझा हात एवढासा, दस्ता खांद्याला लावला तर बोट चापापर्यंत जाईना. मग त्यानं काय करावं? आपल्या बापाची बंदूक आडवी घातली बाकावर आणि दस्त्याचं मागचं टोक कापलं — पाव कापतात ना, तसे काप काढले त्याचे. आई रडायलाच लागली, म्हणाली, पोरीच्या हट्टापायी चांगल्या बंदुकीचं वाटोळं केलं. ते काप बापानं कॉफीच्या डब्यात घालून ठेवले. मग दर वर्षी, हरणांचा सीझन यायच्या आधी, मला वाफेच्या अंघोळीतनं, सौनामधनं बाहेर आल्या आल्या उभी करायचा, दस्ता कोपराच्या खोबणीत धरायला लावायचा, बोट कुठवर जातं बघायचा, आणि बसत असेल तर डब्यातला एक काप पुन्हा मागं लावायचा, गोंद आणि स्क्रू मारून. मी वाढले तशी बंदूक वाढली. इथं पुष्कळ घरांत पोरांसाठी दस्ता कापतात, पण मग टोक हरवतं तरी किंवा चुलीत तरी जातं. आमच्या बापानं एकसुद्धा काप हरवला नाही. एकच लावायचा राहिला, कारण मी वाढायचीच थांबले. हा बघा. खिशातच असतो. हा तुमच्यासारख्यांच्या बंदुकीला मागनं लावून बघते मी, लाकडाच्या रेषा जुळतात का ते. आत्ता तुमच्या बंदुकीला लावला नाही, कारण तुमची एकसंध आहे. माझ्या दस्त्यावर ते जोड दिसायचे, गोंदाच्या काळ्या रेघा.

घाई नाही ना तुम्हाला? बसा मग, ती खुर्ची आर्विडची आहे, तो आता तासभर येत नाही, कॉफीपेक्षा रांगेतल्या गप्पाच जास्त असतात त्याला.

त्या बंदुकीनं मला नवरा आणून दिला. रेइनो. दलदलीच्या पलीकडे त्यांचा शिकारीचा कॅम्प, अलीकडे आमचा. सीझनचा पहिला दिवस, मी एकोणीस-वीस वर्षांची, आणि समोरून एवढं मोठं हरण आलं, शिंगं अशी, आणि मी मारल्या की गोळ्या, लिव्हर ओढतेय आणि मारतेय, ओढतेय आणि मारतेय, आणि ते हरण आपलं चालत गेलं हो, पळालंसुद्धा नाही. नेम चुकला की काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी आमच्या कॅम्पमध्ये बापानंच कात्री घेतली आणि माझ्या शर्टाचं मागचं टोक कापून खिळ्यानं भिंतीला ठोकलं. सगळे हसतायत, मी पण हसतेय, आणि दारात हा उभा. बाईमाणसाचं टोक कापलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो म्हणाला, पलीकडून मी दिवसभर ऐकतोय, ही कुणाची बंदूक आहे, जी एकदा खट् करते आणि मग विचार करून पुन्हा खुट् करते? माझ्या लिव्हरची स्प्रिंग जुनी होती ना. ओढलं की खट्, आणि परत वर नेताना मध्येच अडायचं, मग खुट्. ती मी कधी दुरुस्त करू दिली नाही. लग्नानंतर किती वर्षं, कुठल्याही जंगलात, मी कुठं आहे ते त्याला त्या आवाजावरनं कळायचं. हाक मारायची गरजच नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही. सीझन तेवढे झाले, पुष्कळ झाले.

मग त्याला तो विसरायचा आजार झाला. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. आर्विडला ओळखेना, ते ठीक आहे, आर्विडला विसरलं तरी काही बिघडत नाही. पण मग मला. म्हणजे कसं, मला विसरला नाही तो. हेच तर लोकांना समजत नाही. लेम्पीला तो कधीच विसरला नाही. लेम्पी म्हणजे मी. पण त्याची लेम्पी वीस वर्षांची, शर्टाचं टोक कापलेली. आणि ही जी घरात वावरतेय, त्याला अंघोळ घालतेय, भरवतेय, ती कुणीतरी म्हातारी. कामाला ठेवलेली. मला बसवून घ्यायचा समोर आणि सांगायचा — बाई, तुम्हाला सांगतो, आमची लेम्पी अशी आहे, आमची लेम्पी तशी आहे, ती हसली ना की सगळा कॅम्प हसतो. दाराच्या मागच्या कोपऱ्यात बंदूक असायची माझी, कायम तिथंच, तिच्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, बंदूक इथं आहे म्हणजे ती लांब गेली नाही, येईलच. आणि मी हो हो म्हणायचं. आता बघा, जन्मभर या माणसानं तोंडावर कधी माझं कौतुक केलं नाही, आमच्याकडे पुरुष कुठं करतात, आणि आता करतोय तर माझ्याच तोंडावर माझ्याच सवतीचं. हसू येतं ना? मलाही यायचं, सुरुवातीला.

तर ती बंदूक विकली ती याच्यामुळे. एक दिवस दुपारी मी मांस-बटाट्याच्या करंज्यांचं, पॅस्टीचं पीठ लाटत होते, बाहेर बर्फ, उजेड असा पिवळा पडलेला, आणि मागनं आवाज आला. खट् — आणि मग खुट्. वळून बघते तर हा माझी बंदूक घेऊन उभा, माझ्यावर रोखून. हात अजिबात हलत नव्हता हो त्याचा. चमचा धरताना थरथरतो तो हात. आणि म्हणतो, ‘म्हातारे, हे लेम्पीचं स्वयंपाकघर आहे. ती यायच्या आत इथून चालती हो.’ तेवढंच. त्या आठवड्यातच मी बंदूक गाडीत घालून इथं आणली आणि विकली. आमच्या नर्सबाई म्हणाल्या, लेम्पी, फार शहाणपणाचं काम केलंत. पाद्रीसाहेब प्रवचनात माझं नाव न घेता म्हणाले की धीर म्हणजे काय असतं. आर्विड तर सगळ्यांना सांगत सुटला, मावशी थोडक्यात वाचली. खरंच आहे, अशा माणसाच्या घरात बंदूक ठेवू नये. कुणीही सांगेल.

काय? — काडतुसं? नाही, काडतुसं कुठली. ती आर्विड आधीच घेऊन गेला होता, आजार कळला तेव्हाच, आणि रेइनोच्या स्वतःच्या बंदुकाही. — हो. सगळी. मीच काढून दिली होती, खिसे, पेट्या, सगळं झाडून. — हो, रिकामीच होती. मला ठाऊक होतं रिकामी आहे ते. — भीती? वाटली की, म्हणजे... बंदूक ती बंदूकच, अंगावर रोखली की...

त्या हातमोज्याचा धागा सुटलाय वाटतं. बघू. नाही, ठीक आहे.

तुम्ही हे विचारायला नको होतं हो. इतकी माणसं इथं येऊन गेली, सगळ्यांनी हीच गोष्ट ऐकली, च् च् केलं आणि हातमोजे घेऊन गेली. काडतुसांचं कुणी विचारलं नाही. नर्सबाईंनी नाही, पाद्रीनं नाही. आर्विडनं तर ती स्वतःच नेलेली, तरी त्याच्या डोक्यात आलं नाही, तो तसा भोळाच आहे. नाही, मला भीती वाटली नाही. चिमूटभर नाही. मी हातातलं लाटणंसुद्धा खाली ठेवलं नाही. मला राग आला. असा राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. मी म्हणलं, अरे, मी तुला धुते, मी तुला पुसते, माझी कंबर गेली तुला उठवता बसवता, आणि तू त्या कार्टीसाठी माझ्यावर बंदूक धरतोस? ती काय करते तुझं? ती आहे कुठं? शर्टाचं टोक कापून हसत उभी आहे नुसती. तिला नाही कधी तुझी चादर बदलावी लागली. आणि घर तिचं. स्वयंपाकघर तिचं. बंदूक तिची. मी म्हणलं, थांब, तिचीच आहे ना, मग तिला घालवते मी. म्हणून विकली. बहिणीच्या मुलाला देता आली असती, घरातली बंदूक घरात राहते, तसंच करतात सगळे, आर्विडनं मागितलीही होती. पण त्याला दिली असती तर ती आमच्या कॅम्पमध्ये परत आली असती, दर सीझनला दिसली असती. मला ती दिसायलाच नको होती. म्हणून परक्याला दिली, आणि नाव विचारलं नाही. नाव विचारलं नाही ते विसरून नाही. ठरवून.

आणि गेली की ती. त्याच दिवशी गेली. मी घरी आले तर रेइनो दाराच्या मागं बघत उभा. कोपरा रिकामा. मला म्हणाला, बाई, बंदूक नाही, लेम्पी शिकारीला गेली वाटतं. आणि खुर्ची ओढून खिडकीत बसला. आनंदात बसला हो. उद्या बसला, परवा बसला. सीझन संपला, मी म्हणलं, जेवून घे, तर म्हणतो, ती आली की. बर्फ वितळलं. एक दिवस तो खिडकीतनं उठला आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली, नीट, टेबलाला लावून. त्यानंतर तिचं नाव त्यानं काढलं नाही. मी काढलं तरी नाही. मी समोर बसून सांगायचे, तुझी लेम्पी अशी होती, तुझी लेम्पी हसली की सगळा कॅम्प हसायचा — मीच, माझ्या तोंडानं, माझं कौतुक, काय म्हणावं याला — आणि तो भिंतीकडे बघायचा. मग जेवण तोडलं त्यानं. मग म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवावा लागला. आता तिथं असतो. मी रोज जाते. मी गेले तर हात मागं घेत नाही, नाही गेले तर विचारत नाही. सवत गेली, आणि जाताना नवऱ्याला घेऊन गेली. मला वाटलं होतं, ती गेली की मी उरेन.

म्हणून शोधतेय. ठाऊक आहे मला, होममध्ये बंदूक नेऊ देत नाहीत, मी म्हातारी आहे, खुळी नाही. पण त्याच्या खोलीची खिडकी गाड्या लावतात त्या बाजूला आहे. उन्हाळ्यात उघडी असते. खाली उभं राहायचं आणि एकदा लिव्हर ओढायचं. खट् — खुट्. एकदाच. शेरीफला बोलावतील तर बोलावू देत. तो खिडकीत येईल आणि म्हणेल, आली. मी खालनं ऐकेन. मला वर जायचंसुद्धा नाही तेव्हा, ती आली असं त्याला वाटू दे, मी आपली खालीच बरी. आर्विडची बंदूक घेऊन एकदा केलंय मी हे, त्याला न सांगता. त्याची नवी आहे, तेलकट गुळगुळीत आवाज. रेइनोनं मानसुद्धा वर केली नाही. तीच पाहिजे. तिच्यासारखी दुसरी अडत नाही.

...काय म्हणालात?

कुठं पाहिलीत? — थांबा, हातमोजे काढा आधी. नीट बसा आणि नीट सांगा. — दिवा? दिवा म्हणजे कसला दिवा? — हां. हां, पाहिलेत मी तसले, बंदूक उभी करायची फळीवर, नळीच्या टोकाला बल्ब आणि वर छत्री. शहरातली माणसं ठेवतात, तळ्यावर घरं बांधतात आणि त्यात असलं काहीबाही ठेवतात. कुणाला सुचतं हो हे, चांगल्या चालत्या बंदुकीचा दिवा करायचं? — विस्कॉन्सिनात. — बारमध्ये. — अहो, असे दिवे काय थोडे असतील, आणि जुने दस्ते तडकतातच, गोंद लावतात लोक, एखादी रेघ दिसली म्हणून...

काय म्हणालात? मांजराची शेपटी?

मी म्हणलं होतं का तसं? आत्ता, बोलण्याच्या भरात? — नाही. मी जोड म्हणलं. काप म्हणलं, रेघा म्हणलं. मांजराची शेपटी रेइनो म्हणायचा. पट्टेपट्टे, टोकाकडे जवळजवळ, वर लांबलांब. तुम्हाला कुठून कळलं ते? — हं. दिसतेच तशी. हो. दिसतेच तशी, जो बघेल त्याला तसंच वाटेल.

म्हणजे आहे ती. मोडली नाही, वितळवली नाही. उभी आहे कुठंतरी. — थांबा हां, मला जरा विचार करू दे. दिवा आहे ना तो? दिवाच ना? मग दिवा होममध्ये नेता येईल की. दिव्याला कोण अडवतंय, त्या शेजारच्या खोलीतल्या बाईंनी तर घरनं अख्खं कपाट आणलंय. त्याच्या खाटेशी टेबल आहे, त्याला उजेड कमी पडतो असं म्हणायचं आणि ठेवायचा. खिडकीखाली उभं राहायला नको, शेरीफ नको, काही नको. त्याच्या हाताशी. आर्विड नेईल मला, बारवाल्याला काय, जास्त पैसे दिले की देईल, मी कितीही देईन. — लिव्हर हलतं का हो तिचं? हात लावून बघितलात तुम्ही? — लावलात. हो, मी पण लावला असता. — मग? — वेल्डिंग. — सगळंच? — आणि नळीतनं वायर. हं. म्हणजे तेही वितळवूनच टाकलंय.

नाही, नाही, रडत नाहीये.

त्याच्या हातात दिली ना, तर तो पहिलं लिव्हर ओढणार. छत्री, बल्ब, काही बघणार नाही. त्याचे हात अजून ओळखतील तिला, डोकं नाही ओळखणार, हात ओळखतील. ओढेल. हलणार नाही. पुन्हा ओढेल. दस्त्यावरनं बोट फिरवेल, सगळे काप मोजेल. मग वर बघेल, आणि समोर कोण? मी. तो म्हणेल, ही लेम्पीची आहे. म्हणेल, ‘म्हातारे, काय केलंस तू तिचं?’

आणि काय सांगू मी त्याला? त्याचं खरंच आहे की.

नाही. नाव नका सांगू त्या बारचं. — तुम्ही चांगल्या मनानं सांगताय, कळतंय मला, पण नका सांगू. तळ्याचंही नको. सांगितलंत तर मी जाईन. मला माझं ठाऊक आहे, मी आर्विडला आत्ताच्या आत्ता गाडी काढायला लावीन, आणि तो दिवा आणीन, आणि त्याच्या हातात देईन, कारण एकदा तरी तिचं नाव त्यानं घ्यावं असं वाटतं, मग ते कसंही असो. म्हणून सांगू नका. — अहो, सांगू नका म्हणलं ना तुम्हाला. उठा. ती खुर्ची आर्विडची आहे. तुमची बंदूक उचला टेबलावरनं, जड होतंय मला ते सगळं. हातमोजे न्या, पैसे राहू द्या. पैसे राहू द्या म्हणलं. जा आता तुम्ही.

—हां, या, या पुढं. डावखुरे का? बरं झालं आलात. त्या खोक्यात बघा.